ओडीएचं पाणी आलं का?

उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडच्या कुठल्याही गल्लीत सकाळी कान दिला तर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "ओडीएचं पानी आलं का भो?" विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला, दोघांनाही ओडीए म्हणजे काय ते पक्कं माहीत असतं. लांबून नदीचं पाणी उचलून आणणारी नळयोजना, आणखी काय? पण अक्षरं फोडून सांगा म्हटलं की गाडी अडते. एखादा हुशार गडी सांगतो, ओ म्हणजे ओझरखेडा, डी म्हणजे डॅम. मग 'ए'पाशी येऊन तोही डोकं खाजवतो.

तर ऐका. ओडीए म्हणजे ओव्हरसीज डेव्हलपमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. ब्रिटिश सरकारचं परदेशी मदत वाटणारं खातं, कचेरी लंडनला. नव्वदच्या दशकात या खात्याच्या मदतीनं नाशिक, धुळे आणि जळगाव या तीन जिल्ह्यांत ग्रामीण पाणीपुरवठ्याची कामं झाली. पाइप पुरले गेले, टाक्या उभ्या राहिल्या, साहेब परत गेले. खात्याचं नाव तेवढं आमच्या नळाला चिकटून राहिलं.

गंमत पुढेच आहे. लंडनमध्ये या नावाचं खातं आता औषधालाही उरलेलं नाही.

पाटी रंगवणाऱ्याची चांदी

१९६४ साली हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान झाले आणि त्यांनी परदेशी मदतीसाठी स्वतंत्र मंत्रालय काढलं. पहिल्या मंत्री बार्बरा कॅसल. १९७०मध्ये हुजूर पक्ष सत्तेवर आला, मंत्रालयाचं खातं झालं आणि ते परराष्ट्र मंत्रालयाच्या दावणीला बांधलं गेलं. त्याचं नाव ओडीए. १९७४मध्ये मजूर पक्ष आला, पुन्हा मंत्रालय. १९७९मध्ये थॅचरबाई आल्या, पुन्हा ओडीए. १९९७मध्ये टोनी ब्लेअर आले, पुन्हा स्वतंत्र मंत्रालय, या वेळी नाव डीएफआयडी. २०२०मध्ये बोरिस जॉन्सन यांनी तेही परराष्ट्र खात्यात विरघळवून टाकलं.

आपल्याकडे सरकार बदललं की योजनांची नावं बदलतात म्हणून आपण बोटं मोडतो. साहेबाच्या घरीही तोच संसार आहे. फरक एवढाच की लंडनची पाटी पाच वेळा रंगवली गेली आणि बोदवडची एकदाही नाही.

आणखी एक गुंता. जगभरच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत 'ओडीए' हीच तीन अक्षरं भलत्याच अर्थानं छापलेली असतात : ऑफिशियल डेव्हलपमेंट असिस्टन्स, म्हणजे सरकारी विकास मदत. ही व्याख्या श्रीमंत देशांच्या पॅरिसमधल्या मंडळानं १९६९मध्ये ठरवली. त्यामुळे बोदवडचा माणूस "ओडीए बंद पडली" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पंपाची मोटर असते आणि पॅरिसमधला तज्ज्ञ तेच म्हणतो तेव्हा अर्धं जग.

गरिबी हटवायला हेलिकॉप्टर

गरिबांसाठीच्या पैशातून काय काय घेता येतं? १९८६मध्ये उत्तर मिळालं : हेलिकॉप्टर. वेस्टलँड नावाच्या ब्रिटिश कंपनीला गिऱ्हाईक मिळेना. थॅचर सरकारनं भारताला साडेसहा कोटी पौंडांची मदत देऊ केली, पण त्यातून एकवीस वेस्टलँड हेलिकॉप्टरं घ्यायची अशी गाठ मारून. दिल्लीत कुरकुर झाली, पण अखेर हेलिकॉप्टरं आली आणि पवनहंस या सरकारी कंपनीच्या ताफ्यात दाखल झाली. तेलविहिरींवर माणसांची ने-आण करायला ती वापरायची होती. १९८८ आणि १९८९मध्ये दोन कोसळली, दहा माणसं गेली. १९९१मध्ये उरलेली सगळी जमिनीवर बसवली. १९९३मध्ये ती विकून टाकली, नऊ लाख पौंडांत. आमच्या आठवडे बाजारात म्हातारा बैलसुद्धा यापेक्षा बऱ्या हिशोबानं जातो.

मदत देणाऱ्यानं आपल्याच दुकानातून खरेदीची अट घालायची, याला व्यवहारात 'बांधील मदत' म्हणतात. लग्नात मामानं साडी द्यायची, पण ती मामाच्याच दुकानातली आणि भावही मामानं ठरवलेला, तसं हे.

दुसरा किस्सा याहून भारी. मलेशियात पेरगाव नावाच्या धरणाला ब्रिटननं मदत मंजूर केली, आकडा तेवीस कोटी चाळीस लाख पौंड. पेरगाव हे नाव वाचून हे आपल्याच भागातलं एखादं गाव वाटतं, पण नाही. या पैशाची सांगड शस्त्रविक्रीशी घातलेली होती. ओडीएचे सर्वांत वरिष्ठ अधिकारी टिम लँकेस्टर यांनी हिशोब मांडून सांगितलं की ही उधळपट्टी आहे. करायचीच असेल तर मंत्र्यांनी लेखी हुकूम द्यावा. मंत्र्यांनी दिला. मग एका स्वयंसेवी संस्थेनं सरकारला कोर्टात खेचलं आणि नोव्हेंबर १९९४मध्ये न्यायालयानं ही मदत बेकायदा ठरवली.

ही सगळी भानगड लंडनमध्ये गाजत होती तेव्हा त्याच खात्याच्या नावानं आमच्याकडे पाइप पुरले जात होते. एकाच खात्याच्या एका खिशात पेरगाव आणि दुसऱ्या खिशात बोदवडचा नळ.

आणि मग 'गरिबी' शब्द कायद्यात आला

पेरगावची नाचक्की ब्रिटनला बरीच लागली. १९९७मध्ये नव्या मंत्री क्लेअर शॉर्ट यांनी जी श्वेतपत्रिका काढली तिच्या नावातच जगातलं दारिद्र्य नाहीसं करण्याची भाषा होती. २००१च्या एप्रिलपासून आपल्याच दुकानातून खरेदीची अट रद्द केली. २००२मध्ये कायदा केला : यापुढे मदत द्यायची तर तिनं गरिबी कमी होण्याची शक्यता आहे अशी मंत्र्याची खात्री पटलेली असली पाहिजे. शस्त्रं विकायला, मित्र जोडायला, बुडती कंपनी वाचवायला मदत हा मार्ग कायद्यानं बंद.

कागदावर इतकं नेटकं धोरण फार थोड्या देशांनी केलं. पण गरिबी हा निकष लावल्यावर पहिला प्रश्न येतो, गरीब कोण? भारतात ब्रिटननं मोजकी राज्यं निवडली : आंध्र, मध्य प्रदेश, ओडिशा, पश्चिम बंगाल, पुढे बिहार. महाराष्ट्र यादीत नाही. मुंबई ज्या राज्याची राजधानी ते राज्य गरीब कसं? सरासरी काढली की मलबार हिल आणि मलकापूर रोडवरचं एखादं कोरडवाहू खेडं एकाच ताटात जेवतात. बोदवडहून मध्य प्रदेशची हद्द फार लांब नाही. एवढ्याशा अंतरात माणूस ब्रिटिश धोरणानुसार 'गरीब' होऊ शकत होता.

शेंगदाणा

२००३च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री जसवंतसिंह यांनी जाहीर केलं की यापुढे भारत मोजक्याच देशांकडून सरकारी मदत घेईल. बाकीच्या छोट्या दात्यांना नमस्कार. 'आम्ही गरीब आहोत, पण पाहुण्यांची यादी आम्हीच करू', असा तो बाणा होता. ब्रिटन यादीत राहिला.

पण किती दिवस? प्रणव मुखर्जी यांनी राज्यसभेत ब्रिटिश मदतीला चक्क शेंगदाणा म्हटलं. देशाच्या विकासखर्चापुढे ही मदत म्हणजे एक दाणा. ते शब्द ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत पोचले आणि तिथे गदारोळ उठला : आमच्या करदात्याचा पैसा आणि वर हे बोल! भुईमूग पिकवणाऱ्या खानदेशात ही उपमा कोणाला झोंबली नसती; इथे शेंगदाण्याला मान आहे, चटणीत आणि वांग्याच्या भाजीतही. अखेर नोव्हेंबर २०१२मध्ये ब्रिटिश मंत्री जस्टिन ग्रीनिंग यांनी सांगून टाकलं, २०१५पासून भारताला आर्थिक मदत बंद.

पुढची मजा बघा. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांनी १९७०मध्ये ठरवलं होतं. ब्रिटननं ते २०१३मध्ये गाठलं आणि २०१५मध्ये त्याचा कायदाच केला. २०२१मध्ये आकडा ०.५वर आणला. २०२५च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, २०२७पर्यंत ०.३. वाचलेला पैसा संरक्षणाला. अमेरिकेनं तर यूएसएड ही आपली अख्खी संस्थाच १ जुलै २०२५ला गुंडाळली. देणाऱ्याच्या घरी निवडणूक असते, हे घेणाऱ्यानं कायम लक्षात ठेवलेलं बरं.

मिलो आणि महाचेक

ब्रिटनच्या आधी आपल्या जिभेवर अमेरिका बसली होती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या म्हाताऱ्यांना 'मिलो' म्हणा आणि तोंड बघा. रेशनवर मिळणारी ती लाल ज्वारी! दादर ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या खानदेशी माणसाला मिलोची भाकरी म्हणजे शिक्षा होती. पण पोटात आग असताना चव कोण विचारतो. जोडीला कामावर वाटली जाणारी सुकडी, आणि कितीतरी शाळांमध्ये केअर संस्थेची दूध पावडर.

अमेरिकी धान्यामागे 'पीएल-४८०' हा १९५४चा कायदा होता. हेतूत भूक होती, तशीच अमेरिकी शेतकऱ्यांच्या कोठारात साठलेली जास्तीची गव्हाची रासही होती. भारतानं धान्याचे पैसे रुपयांत द्यायचे आणि ते भारतातच अमेरिकेच्या खात्यावर साठायचे. साठता साठता इतके झाले की दोन्ही सरकारांना घोर लागला. शेवटी १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकी राजदूत मॉयनिहान यांनी भारत सरकारच्या नावे एक चेक लिहिला, एक हजार सहाशे चौसष्ट कोटी रुपयांचा. जगातला तोवरचा सर्वांत मोठ्या रकमेचा चेक म्हणून त्याची विक्रमांच्या पुस्तकात नोंद झाली. बँकेत स्लिप भरताना शून्यं मोजायला कोणाला बसवलं असेल, देव जाणे.

त्याच रुपयांतला थोडा हिस्सा १९६२पासून पुस्तकांवर खर्च झाला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना धाडायला सुरुवात केली. मराठीसुद्धा त्यात आलीच. म्हणजे आपण गहू खाल्ला आणि त्याच्या बदल्यात आपल्या कथा-कादंबऱ्या शिकागोच्या कपाटात जाऊन बसल्या. मला विचाराल तर परदेशी मदतीतला हा सगळ्यात सुंदर व्यवहार.

गवताची बदनामी

शेताच्या बांधावर पांढऱ्या फुलांचं गाजर गवत दिसलं की कोणीतरी सांगतंच : हे अमेरिकेच्या गव्हातून आलं. नावंही तशीच, काँग्रेस गवत, चटकचांदणी. अंगाला लागलं की खाज, जनावरानं खाल्लं की दूध कडू.

पण तारखा जुळत नाहीत. या गवताची गाजलेली नोंद पुण्यात १९५५-५६च्या सुमाराची, आणि पीएल-४८०चा भारताशी पहिला करार १९५६च्या ऑगस्टमधला. त्याआधी १९५१मध्ये अमेरिकेनं कर्जाऊ गहू दिला होता, त्यामुळे वकील चांगला असेल तर खटला उभा राहू शकतो. पण या गवताचा एक नमुना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दक्षिणेत गोळा केलेला सापडला आहे, तेव्हा अमेरिकी गव्हाला संशयाचा फायदा द्यावा. आणि उतारा? तोही परदेशीच. १९८०च्या दशकात मेक्सिकोहून एक भुंगा आणून सोडला, तो हेच गवत खातो. आपल्या शेतात तण परदेशी, त्याला खाणारा परदेशी, निंदायला मात्र आपल्याच बाया.

हापसा : इथे मात्र कॉलर ताठ

आता एक खास मराठी गोष्ट. साठच्या दशकात बोअर खणायची यंत्रं परदेशी मदतीतून आली, पण त्या बोअरवर बसवलेले बिडाचे हातपंप पटापट मोडायचे. ते पंप एका कुटुंबानं अंगणात वापरावेत असे घडवलेले. आपल्याकडे एका पंपावर अख्खं गाव. १९७४मधल्या पाहणीत चारातले तीन बंद आढळले.

दुरुस्ती सुचली ती जालना आणि सोलापूर इथे. जालन्यात स्कॉटिश मिशनचं पाण्याचं काम होतं, त्याला ब्रिटनच्या 'वॉर ऑन वाँट' या संस्थेची मदत होती. तिथे पोलादी, जोडकाम केलेला पंप तयार झाला. सोलापुरात एका स्वशिक्षित मेकॅनिकनं तो आणखी सुधारला. हाच 'सोलापूर पंप' पुढे युनिसेफनं उचलला, त्यावर काम करून सत्तरच्या दशकाच्या शेवटी 'इंडिया मार्क टू' बनवला. आज आफ्रिकेतल्या गावोगावी बायका जो दांडा दाबून पाणी काढतात, त्याचं आजोळ सोलापूर. पैसा बाहेरचा, डोकं आपलं. मदतीच्या धोरणावर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्यांनी अर्धा तास हापशापाशी उभं राहावं.

स्वतःच्या खिशातून

महाराष्ट्रातली गरिबीविरुद्धची सगळ्यात मोठी लढाई मात्र कोणाच्याही मदतीवर बेतलेली नव्हती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना. मागेल त्याला काम, १९७७चा कायदा. तिच्यासाठी पैसा उभा केला १९७५च्या व्यवसाय करातून. पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, ते हेच. फेब्रुवारीत शंभर जास्त का, म्हणून दरवर्षी कोणीतरी ऑफिसात वैतागतं. वर्षाचे अडीच हजार पुरे करायचे असतात, एवढंच. मुळात ही शहरातल्या नोकरदारानं दुष्काळी भागातल्या मजुराला दिलेली मदत होती. पण तिच्यासाठी कोणी शिष्टमंडळ आलं नाही, फोटो निघाले नाहीत.

बँकेचं ते उसनं, मदत नव्हे

गावात 'जागतिक बँकेनं दिलं' असं सहज म्हणतात. दिलं खरं, पण परत घेण्यासाठी. २००३मध्ये सव्वीस जिल्ह्यांत सुरू झालेलं जलस्वराज्य हे अठरा कोटी डॉलरच्या सवलतीच्या कर्जावर चाललं. त्यात गावानं खर्चाची दहा टक्के लोकवर्गणी भरायची अट होती. मग जळगाव जिल्ह्यात आणखी एक शब्द आला : पोकरा. "पोकऱ्यात शेडनेट घेतलं." अर्थ काय? हवामान बदलात टिकून राहणारी शेती, या अर्थाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. कागदोपत्री नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. २०१८मध्ये त्यासाठी बेचाळीस कोटी डॉलरचं कर्ज झालं. आमच्या भागानं ओडीएप्रमाणेच त्याचंही घरगुती नाम करून टाकलं, विभक्ती प्रत्ययासकट.

जर्मनांची तऱ्हा वेगळी. भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, जो स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांच्या धडपडीतून उभा राहिला, पैशाआधी घाम मागायचे. गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मग निधी. शेळीवाल्याला ही अट जड गेली, कारण चराईबंदी म्हणजे पहिला घाव त्याच्या पोटावर. गरिबी हटवण्याच्या अटीत सगळ्यात गरीब माणूसच अडकतो, हे असं.

बिल कोण भरणार?

या सगळ्या धोरणांमध्ये एक भोक सारखंच आहे. दाता टाकी बांधून देतो, पाइप देतो, पंपही देतो. पंपाचं वीजबिल देत नाही. कारण बिलाचं उद्घाटन होत नाही, त्याला फीत नसते. नदीचं पाणी चढावर, मैलोन्‌मैल लांब उचलून न्यायचं म्हणजे मीटर पळणारच. गावाची पट्टी थकली की बिल थकतं, बिल थकलं की वीज जाते, वीज गेली की टँकर आणि टँकरपुढे हंड्यांची रांग. यात ना लंडन दोषी ना गल्लीतली मावशी. पाणीपट्टी भरायला हातात पैसा लागतो आणि तो नाही म्हणून तर मदत आली होती.

आता पाइप आपला

शेवटची बातमी उलट्या दिशेची. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत भारतानंही द्यायला सुरुवात केली. भूतानची पहिली पंचवार्षिक योजना, १९६१ची, पूर्णपणे भारताच्या पैशावर झाली. १९६४पासून परदेशी अधिकाऱ्यांना भारतात प्रशिक्षण मिळतंय. २०२१च्या जानेवारीत पुण्याच्या सिरममधली कोरोनाची लस भेट म्हणून परदेशी निघाली, पहिले मान भूतान आणि मालदीवचे.

आफ्रिकेतल्या देशांना भारत एक्झिम बँकेमार्फत सवलतीचं कर्ज देतो आणि त्यात साधारण पंचाहत्तर टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते. मामाचं दुकान आठवलं? आता मामा आपण. रवांडातल्या सिंचनाच्या अशाच एका कामाचं कंत्राट जळगावच्या जैन इरिगेशनला मिळालं होतं. खानदेशच्या तापलेल्या रानात शिकलेली ठिबकची विद्या तिकडच्या डोंगरउतारावर.

तिकडच्या गावात सकाळी नळाशी बायका जमत असतील तेव्हा त्या पाण्याला काय नावानं हाक मारत असतील? 'एक्झिम आलं का?' असं असलं तर बोदवडकराला समजून घ्यायला वेळ लागणार नाही.